रॉड वजा करून वजन लिहिणाऱ्या ताई

ऑपरेशन झालेल्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा आहे, की मॅडम, हालचाल बंद आहे, दिवसभर पडून असते, वजन वाढत चाललंय, मग जेवण निम्मं केलं तर बिघडलं कुठं? ऐकायला हिशोब अगदी बरोबर वाटतो. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी घडलं तसंच.

वय पंचेचाळीसच्या आसपास. गाडीवरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसवला आणि सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही असं सांगून घरी पाठवलं. माझ्याकडे आल्या तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. म्हणजे त्या आल्या नव्हत्या खरं तर, नवऱ्याने आणलं होतं, कारण "ही जेवत नाही आणि चिडचिड करते". ताईंनी खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईल काढला आणि मला एक लिस्ट दाखवली. सकाळी ६६.४, दुपारी ६६.९, संध्याकाळी ६७.१, रात्री परत ६६.८. रोजचे चार आकडे, महिन्याभराचे. पुढे कंसात एक वेगळा आकडा, मी विचारलं हा काय, तर म्हणाल्या "तो रॉड वजा करून".

मला आधी हसूच आलं, आणि मग एकदम लक्षात आलं की या बाईला पायावर भार द्यायला बंदी आहे, तर या काट्यावर उभ्या कशा राहतात? तर वॉकर धरून, एका पायावर, उडी मारल्यासारखं काट्यावर चढायचं, दिवसातून चार वेळा, आणि तेही बाथरूमच्या ओल्या फरशीवर. "हाताने वॉकरवर जोर दिला की आकडा कमी येतो, म्हणून मी तीनदा बघते आणि जास्तीचा लिहिते." म्हणजे ज्या आकड्यापायी झोप उडालेली तो आकडा मुळात खराच नव्हता! आणि त्यापायी दुसरा पाय मोडला असता ते वेगळंच.

आता माझी चूक सांगते. पहिल्या सेशनमधे मी सरळ माहिती द्यायला बसले. सलाईन आणि ऑपरेशननंतरची सूज यामुळे सुरुवातीला दोन-तीन किलो पाणीच साठलेलं असू शकतं, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ते हळूहळू उतरतं. शरीर रोज जेवढी शक्ती खर्च करतं त्यातली साठ-सत्तर टक्के तर नुसतं पडून असतानाच लागते, श्वास, हृदय, मेंदू यांना, त्यामुळे चालणं बंद झालं म्हणून गरज निम्मी होत नाही, उलट हाड आणि जखम भरायला वरून जास्त लागतं. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास हात-पाय मोडलेल्या पेशंटच्या लघवीतला नायट्रोजन (स्नायूंतलं प्रोटीन झिजलं की तो लघवीतून बाहेर जातो) मोजला होता आणि मोडलेल्या जागेच्या हिशोबाने जेवढा जायला हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त जातोय असं त्यांना दिसलं, म्हणजे मोडतो एक पाय पण स्नायू सगळ्या अंगातले झिजतात. अशात जेवण तोडलं तर काट्यावर जे कमी होतं त्यात चरबीबरोबर स्नायूंचाही मोठा वाटा असतो. हे सगळं मी सांगितलं, ताईंनी मान डोलावली, "बरोबर आहे मॅडम" म्हणाल्या आणि घरी जाऊन पुढचा आठवडाभर सूप आणि काकडीवरच राहिल्या.

माहिती त्यांना कमी नव्हतीच. ते मला दुसऱ्या वेळी कळलं.

नवरा बाहेर बसला होता. मी वजनाचा विषयच काढला नाही, हॉस्पिटलमधले दिवस कसे गेले एवढंच विचारलं. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि मग म्हणाल्या, "मला स्ट्रेचरवरून बेडवर घेत होते ना, तेव्हा एक जण दुसऱ्याला म्हणाला, जड आहेत, अजून एकाला बोलव." बस. एवढंच वाक्य. म्हणणाऱ्याच्या डोक्यात पेशंटला धक्का लागू नये इतकंच असणार, तो पाच मिनिटांत विसरलाही असेल. पण या बाईने आयुष्यभर घर स्वतः उचललेलं, आणि आता आपल्याला उचलायला तीन माणसं लागतात हे तिने उताणं पडून, छताकडे बघत ऐकलं. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं हो. कुणावर ओझं व्हायचं नव्हतं. तो फरक कळल्यावर माझं बोलणंच बदललं.

मी विचारलं, ताई, स्वतःचं स्वतः उठायला काय लागतं? त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि खाली बघितलं. ऑपरेशनवाली मांडी दुसरीपेक्षा बारीक झालेली कपड्यांवरूनही दिसत होती. "इथली ताकद," म्हणाल्या. मग म्हटलं तुम्ही तर तीच खाताय रोज.

आणखी एक गोष्ट त्यांनी लाजत लाजत सांगितली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या मोबाईलवर रेसिपीचे व्हिडिओ बघायच्या, खायचं काही नाही, नुसतं बघायचं, आणि मग स्वतःलाच शिव्या घालायच्या की मी किती खादाड. १९४४-४५ मधे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, त्यांच्यातले कित्येक जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, दिवसभर डोक्यात जेवणच, चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा. हे सांगितल्यावर ताई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "म्हणजे मी हावरट नाहीये, उपाशी आहे." नवऱ्याची जी तक्रार होती, चिडचिड, तिचं अर्धं उत्तर इथेच होतं.

पुढचं काम मी एकटीने केलं नाही आणि करूही नये. त्यांच्या सर्जनना फोन केला, आहारतज्ज्ञ आणि फिजिओ दोघांना बरोबर घेतलं. आहारतज्ज्ञांनी हिशोब लावला तर दिवसाला जेमतेम तीस ग्रॅम प्रोटीन पोटात जात होतं. बरं होण्याच्या काळात साधारण दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम धरतात, म्हणजे अपघाताआधीच्या ६४ किलोला ७७ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, मोठ्या ग्लासभर दुधात आठ, म्हणजे ते एका जेवणात होण्यासारखं नाहीच, दर खाण्याला थोडं थोडं घ्यावं लागतं. (किडनीचा त्रास असेल तर हा आकडा परस्पर लावू नका, डॉक्टरांना विचारा. डायबेटिस असला किंवा पोटाचं, आतड्याचं, वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं असेल तर सगळं गणितच वेगळं असतं.) कमी काय केलं? दिवसातून पाच वेळा होणारा गोड चहा आणि कंटाळा आला की उघडायचा बिस्किटांचा डबा. सूपवर राहणाऱ्या बाईच्या दिवसात हेही होतं, फक्त ते लिस्टमधे नव्हतं! दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं त्यामुळे पोट फुगलेलं वाटायचं आणि त्या ते चरबी समजायच्या, तिथे पाणी, फळं, भाज्या आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध एवढ्यावर फरक पडला.

काट्यावरून मात्र भांडण झालं. बंद करा म्हटलं की त्या रडकुंडीला यायच्या. शेवटी असं ठरलं की दोन्ही पायांवर उभं राहायची परवानगी मिळेपर्यंत काटा मुलाच्या कपाटात आणि नंतर आठवड्यातून एकदा, सकाळी. तोवर मोजायचं ते फिजिओने दिलेलं, मांडीचा घेर टेपने. दोन्ही मांड्यांत चार सेंटीमीटरचा फरक निघाला. मला धास्ती होती की आता टेपचं वेड लागेल, म्हणून टेप घरी दिलीच नाही.

एक सांगून ठेवते, वजनाची भीती घालवताना खऱ्या धोक्याची खूण सुटता कामा नये. एक-दोन दिवसात अचानक दोन किलो वाढणं, दोन्ही पायांना सूज, दम लागणं, किंवा एकाच पोटरीला नव्याने सूज आणि दुखणं, जखम लाल होऊन पाणी येणं, यात डाएट-बिएट काही बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि जखम वरून बुजली म्हणजे झालं असंही नाही, तीन आठवड्यांनी तिथल्या कातडीत मूळच्या पाव हिश्शाच्या आसपासच ताकद असते, तीन महिन्यांनी कुठे ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, तेव्हा जेवणाची काळजी टाके काढले त्या दिवशी संपत नाही.

ताईंना परवानगी मिळायला सहाचे आठ आठवडे लागले. मधे दोनदा परत सूपवर गेल्या, एकदा तर कुणीतरी भेटायला येऊन "अंगाने भरलीस गं" म्हणून गेलं त्या रात्री. अशा लोकांचं काय करावं मला अजून कळलेलं नाही. पाचव्या महिन्यात फिजिओने खुर्चीतून हात न लावता उठायला सांगितलं, तीस सेकंदांत त्या नऊ वेळा उठल्या, मांड्यांतला फरक दीडवर आला होता. वजन ६५.८, अपघाताआधीपेक्षा पावणेदोन-दोन किलो जास्तच, आणि ते त्यांना आवडलेलं नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं ठीक आहे, आता चालायला लागलात की ते बघू, घाई नाही.

जाताना नवरा सवयीने हात द्यायला पुढे झाला. "थांबा हो," म्हणाल्या, आणि चपला शोधायला स्वतःच वाकल्या.