लव्हाळा आहे की दुसरंच काही? आधी खणून बघा

प्रश्न: नमस्कार ताई, चोपडा तालुक्यात आमचं केळीचं वावर आहे, ठिबकवर. यंदा पावसाळ्यात नळीच्या कडेकडेने गवतासारखं काहीतरी भरमसाट उगवलंय, दांडा तिधारी आणि वर पिवळसर तुरा. शेजारचे काका म्हणतात हा लव्हाळाच, आत्ताच रोटाव्हेटर फिरव नाहीतर सगळं वावर खाईल. औषधाच्या दुकानदाराने तर नागरमोथा म्हणून बाटली काढूनही ठेवली. मी थोडी झाडं उपटून पाहिली, गाठ काही दिसली नाही, नुसत्या तांबूस-पिवळ्या बारीक मुळ्या. फोटो पाठवतोय, नेमकं काय समजायचं? (एक शेतकरी वाचक)

उत्तर: भाऊ, पहिलं म्हणजे रोटाव्हेटर थांबवा. आणि नावावरून भांडू नका, लव्हाळा, मोथा, नागरमोथा ही नावं आपल्याकडे एकाच कुळातल्या चार-पाच झाडांना सरसकट लावतात.

तिधारी दांडा बघितलात ते बरोबरच, पण त्यावरून एवढंच कळतं की हे खरं गवत नाही, मोथ्याच्या कुळातलं आहे. गवताचा दांडा बहुतेक गोल, पोकळ आणि पेरांचा असतो, पानं दोन ओळीत. ह्याचा दांडा आतून भरीव, पेरं दिसत नाहीत, पानं तीन ओळीत फिरतात आणि पानाचा खालचा भाग दांड्याभोवती नळीसारखा बंद असतो, गवतात तो बहुधा एका बाजूने उघडा असतो. (ह्या कुळातल्या सगळ्यांचे दांडे तिधारी असतात असंही नाही, पाणथळ जागी गोल दांड्याचेही भेटतात, म्हणून नुसतं बोटांनी चाचपून निकाल देऊ नये.)

आता गाठीचं. उपटल्यावर गाठ दिसली नाही म्हणजे गाठ नाहीच, असं धरू नका. खरा लव्हाळा, म्हणजे सायपरस रोटुंडस, उपटला की दोऱ्यासारखा खोड-धागा तटकन तुटतो आणि गाठ जमिनीतच राहते, वर आपण खुश! त्यामुळे एक झाड कुदळीने वीतभर खोल मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत भिजत घाला आणि माती हळूहळू सुटू द्या, ओढू नका. लव्हाळा असेल तर बुडाशी जरा फुगीर भाग असेल, तिथून धागा निघेल, पुढे गाठ, त्या गाठीतून परत धागा, परत गाठ, अशी माळच. कोवळी गाठ पांढरट, जून झाली की काळपट तपकिरी, नखाने खरवडली तर उग्र सुगंध येतो आणि चव कडू. गाठी आहेत पण एकेका धाग्याच्या टोकाला एकेकटीच, आणि चवीला गोडसर, तर तो सायपरस एस्क्युलेंटस, त्याचाही तुरा पिवळसरच असतो. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.

काहीच नाही, बुडाला फुगवटा नाही, धागा नाही, फक्त केसाळ मुळ्यांचा झुपका, तर ते एका हंगामाचं झाड. तुमचा फोटो पाहून माझं मत ह्याच बाजूला आहे, सायपरस इरिया. तुऱ्याचा फोटो तुम्ही जवळून काढलात ते फार बरं झालं. लव्हाळ्याचा तुरा तांबूस-तपकिरी, जांभळट झाकेचा असतो आणि त्यातली खवल्यासारखी सालं एकावर एक घट्ट बसलेली असतात. तुमच्यातली सालं पिवळी, टोकाला गोलसर आणि जरा सुटी सुटी, गव्हाच्या लोंबीतले दाणे विरळ भरावेत तशी. तुऱ्याच्या लगेच खालची लांब पानं तुऱ्याच्याही वर गेलीत, लव्हाळ्यात ती बहुतेक तुऱ्याएवढी किंवा आखूड असतात. खात्री करायची तर दहापट दाखवणारं भिंग घ्या, पिकलेल्या तुऱ्यातलं एक साल सुईने उचला, आत काळपट तपकिरी तिधारी बी असेल, जवळजवळ सालाएवढंच लांब. सालं दोन ओळीत समोरासमोर दिसली पाहिजेत, गोल फिरत गेलेली दिसली तर ते फिंब्रिस्टायलिस, वेगळाच गट. आणि बी दोन्ही बाजूंनी चपटं, तुरा नुसता गोल गेंद, तर कायलिंगा असेल, तोही ह्याच कुळातला.

एवढी पंचाईत कशाला, तर उपाय उलटसुलट आहेत. इरिया निंदणीत उपटला की संपला, फक्त बी तपकिरी व्हायच्या आत, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. लव्हाळ्यात रोटाव्हेटर घातला तर माळ तुटते, निजलेली एकेक गाठ सुटी होऊन फुटते आणि रोटाव्हेटरच्या पात्यांना चिकटून पुढच्या वावरातही जाते. त्याला मे महिन्याची खोल नांगरट बरी, गाठी वर येऊन खान्देशच्या उन्हात कोरड्या पडतात, अर्थात उभ्या केळीत ते शक्य नाही. ढेकूळ भिजवून गाठ निघालीच तर तो नमुना घेऊन पालच्या नाहीतर मुमराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, केळीला चालणारं औषध तिथेच विचारा. दुकानदाराची बाटली तोवर दुकानातच राहू द्या.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पांझरेच्या काठची मोथ्यासारखी झाडं वाळवून चिकटवायची आहेत. तुरे कापून आणले तर चालेल का? (विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर: नाही चालणार गं. नुसता तुरा म्हणजे अर्धी ओळख. मुळासकट घे, वरची माती धुऊन टाक, आणि बी पिकलेलंच झाड निवड, कोवळ्या तुऱ्यावरून मोठमोठे जाणकारही अडतात. झाड लांब असेल तर इंग्रजी व्ही सारखं दुमडून पेपरात ठेव, पहिले काही दिवस पेपर रोज बदल, ह्या झाडांत पाणी बरंच असतं आणि बुरशी लगेच धरते. गळलेलं बी फेकू नकोस, छोट्या कागदी पुडीत घालून त्याच शीटवर चिकटव. तुऱ्याचा रंग वाळल्यावर बदलतो, तो तिथेच काठावर वहीत लिहायचा, सोबत तारीख, गाव, आणि झाड पाण्यात उभं होतं का चिखलात का कोरड्यावर. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, तिथल्या संग्रहाशी नमुना जुळवायचा झाला तर आधी तुझ्या सरांकडून पत्र घे.