तिन्ही संध्या सकाळीच उरकल्या तर चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंजीनंतर सुटलेली संध्या, म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ करायची सूर्याची उपासना, तुम्ही यंदा पुन्हा धरली. सकाळची नेमानं होते, पण नोकरीमुळे दुपारची आणि संध्याकाळची जमत नाही. मंत्र तर तेच तेच, मग सकाळीच तिन्ही लागोपाठ म्हणून टाकल्या तर? आणि ऑफिसात पळी-पंचपात्र, ताम्हण घेऊन बसायचं कुठे?

दुपारची पुढेमागे करता येते. संध्याकाळची मात्र सकाळी करू नका. आणि मंत्र तेच तेच नाहीत, मला खरं सांगायचंय ते हेच.

आम्ही ऋग्वेदी, तेव्हा सांगतोय ते आमच्या पोथीतलं. माध्यंदिन किंवा हिरण्यकेशी, म्हणजे यजुर्वेदी शाखांच्या घरांत काही गोष्टी वेगळ्या असतात, त्या घरच्या मोठ्यांना विचारून घ्या. आचमन, प्राणायाम, संकल्प, 'आपो हि ष्ठा' म्हणत अंगावर पाणी शिंपडणं, इथपर्यंत तिन्ही वेळा जवळपास सारखंच. त्यानंतर मंत्राचमन येतं. उजव्या तळहातावर पाणी घ्यायचं, मंत्र म्हणायचा आणि ते पाणी प्यायचं. हा मंत्र तिन्ही वेळा निराळा आहे.

सकाळचा 'सूर्यश्च मा मन्युश्च'. मन्यू म्हणजे राग. रागाच्या भरात झालेल्या पापांपासून माझं रक्षण होवो, आणि 'यद्रात्र्या पापमकार्षम्', रात्री मनानं, वाचेनं, हातांनी, पायांनी, पोटानं जे काही वाईट केलं असेल ते रात्रीनंच पुसून न्यावं. संध्याकाळी सूर्याच्या जागी अग्नी येतो आणि रात्रीच्या जागी दिवस: 'यदह्ना पापमकार्षम्'. दिवसभरात जे केलं ते दिवसानं न्यावं. आता तुम्हीच सांगा, सकाळी सात वाजता, दिवस अजून उजाडतोय, कुणाशी एक शब्द बोललेलो नाही, आणि आपण म्हणणार की आज दिवसात केलेलं पाप पुसलं जावो? ज्याचा हिशेब द्यायचा तो दिवस आधी जगायला तर हवा.

दुपारचा मंत्र 'आपः पुनन्तु पृथिवीम्'. पाण्यानं पृथ्वीला पवित्र करावं, तिनं मला करावं, आणि पुढे: उष्टं खाल्लं असेल, खाऊ नये ते खाल्लं असेल, वागणं चुकलं असेल, आणि 'असतां च प्रतिग्रहम्'. वाईट माणसांकडून काही घेतलं असेल, तर त्यापासून पाण्यानं मला शुद्ध करावं. जेवणाच्या आधीची ही संध्या आहे. ताटात जे येणार ते कुठून आलं, हे ती विचारते.

मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. एका दिवाळीआधी एक पुरवठादार मिठाईचा खोका ठेवून गेला. आत काजूकतली आणि तळाशी पाकीट. त्याचं कोटेशन माझ्याच टेबलावर होतं, निर्णय व्हायचा होता. आधीची दोन वर्षं मी असं पाकीट घेतलं होतं. सगळेच घेतात, असं मनाला समजावून. त्या दुपारी नेहमीसारखा गच्चीत गेलो, तळहातावर पाणी घेतलं आणि 'असतां च प्रतिग्रहं स्वाहा' म्हणून ते ओठांना लावायचं, तर हात वर येईना. पाणी बोटांच्या फटीतून गळून गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. खाली आलो, फोन करून त्याला बोलावलं आणि खोका उघडला होता तसाच परत दिला. मग वर जाऊन उरलेली संध्या केली. वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो, पण तो मंत्र मला कळला त्या दिवशी.

आता वेळेचं. दुपारच्या संध्येला शास्त्रानं भरपूर जागा ठेवली आहे. सूर्योदयानंतर दीड प्रहर गेला, म्हणजे साधारण साडेचार तास झाले, की तिचा काळ सुरू होतो आणि सूर्यास्तापर्यंत चालतो. म्हणजे साडेदहा-अकरापासून पुढे केव्हाही. डबा उघडण्याआधीची दहा मिनिटं त्यात आरामात बसतात. पुष्कळ नोकरदार घरांत ती सकाळच्या संध्येला जोडूनच करतात. निघण्याआधी करून जाणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, मीही काही वर्षं तेच केलं. पण जमलं तर दुपारीच करा, का ते वर सांगितलंच.

सकाळ-संध्याकाळची वेळ मात्र नाजूक. सकाळची चांदण्या दिसत असताना उत्तम, त्या मावळल्यावर मध्यम, सूर्य वर आल्यावर कनिष्ठ. संध्याकाळचं उलट: सूर्य असताना उत्तम, बुडाल्यावर मध्यम, चांदण्या उगवल्यावर कनिष्ठ. मनुस्मृती सांगते की सकाळचा जप सूर्य दिसेपर्यंत उभं राहून करावा आणि संध्याकाळचा नक्षत्रं दिसेपर्यंत बसून. येणाऱ्यासाठी उभं राहायचं, जाणाऱ्याला निरोप देताना बसायचं, मला तरी ते असंच वाटतं. पुण्यात नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, जुलैत सव्वासातला. म्हणजे पावसाळ्यात तुम्ही वेळेत घरी पोचाल, हिवाळ्यात नाही. उशीर झाला तर टाळू नका. सूर्याला ओंजळीनं पाणी सोडायचं ते अर्घ्य. नेहमीच्या तीन अर्घ्यांखेरीज प्रायश्चित्ताचं एक जादा द्यायचं आणि पुढे चालायचं. ही सोय आपल्यासारख्यांसाठीच केलेली आहे. बसमध्ये अडकलात तर डोळे मिटून दहा गायत्री मनात म्हणा, घरी पोचल्यावर हातपाय धुऊन अर्घ्य द्या.

माझीही संध्या कॉलेजात सुटली होती, ती सतरा वर्षं. मुलाची मुंज ठरली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "बारा हजार झाला का?" मला प्रश्नच कळेना. मुलाला गायत्रीचा उपदेश करण्याचा अधिकार बापाला यावा म्हणून त्यानं आधी 12,000 गायत्री जप करायचा असतो. 108 मण्यांच्या 112 माळा. रोज दहा माळा धरल्या, त्यांना दीड तास लागायचा. पहिले दोन दिवस जीभ अडखळत होती. 'वरेण्यं' हे 'वरेणियं' असं सोडवलं की गायत्रीची 24 अक्षरं भरतात, नाहीतर 23, हे लहानपणी आजोबांनी शिकवलेलं तेव्हा आठवलं. बाराव्या दिवशी जप पुरा झाला आणि तेव्हापासून संध्या सुटली नाही. मुलाला शिकवायला बसलो की धाकटी मुलगी शेजारी येऊन बसायची, तिलाही शिकवली. काहींना हे रुचत नाही. पण 1875 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आर्य समाजात स्त्री-पुरुष दोघंही सकाळ-संध्याकाळ संध्या करत आले आहेत, आणि आपल्या रागाबद्दल पाण्यापाशी क्षमा मागण्याची गरज मुलींना नसते असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

राहिली भांडी. आजोबांचं ताम्हण तांब्याचं, कडेला हिरवट पडलेलं, ते मी घरीच ठेवतो. ऑफिसात एक स्टीलचा पेला, एक छोटा चमचा आणि खोलगट ताटली, तिन्ही ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळलेली. आचमनाला तळहात गायीच्या कानासारखा करून उडीद बुडेल इतकंच पाणी घ्यायचं असतं, त्यामुळे अर्ध्या पेल्यात सगळी संध्या होते. आमच्याकडे दुपारी अर्घ्य एकच, 'हंसः शुचिषत्' या ऋचेनं. ताटलीत साठलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. आमच्या गच्चीत कुणीतरी लावून विसरलेली एक सदाफुली आहे, मी तिच्या मुळाशी घालतो.