साठीनंतर योगासने सुरू करता येतात का? गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही.

येतात, अगदी निर्धास्तपणे सुरू करा. मांडी घालता येत नाही म्हणून योग आपल्यासाठी नाही, हा समज मनातून काढून टाका. १९३७ साली पुण्यात शिकवायला आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पुढे खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे आणि लोड यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत विकसित केली, ती तुमच्यासारख्यांना फार उपयोगी पडते. खुर्चीवर आडवे बसून, खुर्चीच्या पाठीचा आधार धरून केलेले भारद्वाजासन पाठीला छान पीळ देते आणि गुडघ्यावर भार येत नाही. भिंतीला पाठ टेकवून ताडासन करा, म्हणजे ताठ उभे राहा. शवासनात गुडघ्यांखाली लोड घ्या.

आधी गुडघे डॉक्टरांना दाखवा. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबा. स्नायू ताणला जाणे वेगळे. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने नकोत. जोरदार कपालभातीही रक्तदाब, हर्निया असणाऱ्यांनी टाळावी, टीव्हीवर कोणी कितीही सांगो. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या.

पहिले काही महिने मात्र व्हिडिओ पाहून नको, जाणकार शिक्षकासमोरच शिका.