माळ्यावर निघालेला अल्बम आणि गिझरचे बटण

ताई, सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीत राहतो, वय 47. पत्नी नोकरी करते, मुलगी नववीत आणि मुलगा सातवीत आहे. महिन्यातला एक रविवार मी मुलांना फिरायला नेण्यासाठी राखून ठेवतो, पण हल्ली दोघेही यायला नाखूष असतात. मागच्या महिन्यात पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवून माथेरानला नेले, तर नेरळला छोट्या गाडीची तिकिटे आधीच संपली होती. माझा दिवस तिथेच बिघडला. मुलगा मात्र गाडी सुटेपर्यंत इंजिनाचे व्हिडिओ काढत राहिला, म्हणून त्याला रागावलो. परतताना मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही फिरायला आला होतात की आमची तपासणी करायला?’ घरातही तेच. गिझर चालू, दिवे चालू, ओला टॉवेल पलंगावर, रिकाम्या बाटल्या परत फ्रिजमध्ये, दारात चपलांचा ढीग. मी तोंड उघडले की ‘बाबांचे सुरू झाले’ म्हणतात. लहानपणापासून जमवलेली टपाल तिकिटे मुलाच्या हाती द्यावीत असे फार वाटते. एकदा त्याने ‘हेल्व्हेटिया म्हणजे कुठे?’ असे विचारले, तेव्हा मी अर्धा तास बसून सगळे समजावले. त्यानंतर त्याने अल्बमला हात लावलेला नाही. टपाल खात्याच्या शिष्यवृत्तीसाठी तयारी कर म्हटले, तर टाळतो. माझ्या वडिलांनी माझा अल्बम कधी उघडूनही पाहिला नाही. मी निदान मुलासोबत बसतो. आता घराला रंग द्यायचा आहे आणि पत्नी म्हणते, अल्बम माळ्यावर टाका. माझे नेमके काय चुकते आहे?

सप्रेम नमस्कार.

वडिलांनी तुमचा अल्बम कधी उघडून पाहिला नाही, हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. मला मात्र असे वाटते की तुमचा छंद टिकला तो बऱ्याच अंशी त्यामुळेच. माझ्या धाकट्या भावाला हाच नाद होता, म्हणून त्यातले थोडे मला ठाऊक आहे. तिकिटावर ‘हेल्व्हेटिया’ छापलेले असायचे आणि त्या नावाचा देश शाळेच्या नकाशात कुठेच सापडायचा नाही. ‘मॅग्यार पोस्टा’ म्हणजे हंगेरी, हे कळायला त्याला एक अख्खी सुट्टी लागली होती. काही तिकिटांवर देशाचे नावच नसे, नुसता राणीचा चेहरा. ती ब्रिटनची, कारण 1840 साली चिकटवायचे पहिले टपाल तिकीट त्यांनी काढले तेव्हा नाव लिहिण्याची गरजच नव्हती आणि तो मान त्यांनी पुढेही सोडला नाही. सोव्हिएत तिकिटांवरची चार अक्षरे तर आम्ही सगळेच ‘सीसीसीपी’ अशी वाचत असू. ती रशियन लिपीतली असून त्यांचा उच्चार ‘एसएसएसआर’ असा होतो, हे भावाला कॉलेजात गेल्यावर समजले, आणि त्या दिवशी त्याने मला दोन वेळा फोन केला.

तुम्हीही हेल्व्हेटिया म्हणजे स्वित्झर्लंड हे असेच कुठेतरी, कुणी न सांगता शोधून काढले असणार. त्या शोधातच त्या वयाची सगळी मजा होती, आणि मुलाने तोच प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही ती अर्ध्या तासात संपवून टाकलीत. हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण तुमच्या छंदाचे तुम्ही एकटे मालक होता आणि मुलाला तो मिळतो आहे तो शिक्षक, वेळापत्रक आणि परीक्षेसकट. टपाल खात्याची ती शिष्यवृत्ती, म्हणजे दीनदयाळ स्पर्श योजना, चांगली आहे, सहावी ते नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना तीत वर्षाला 6000 रुपये मिळतात, आणि ज्या मुलाला तिकिटांचे वेड आधीच आहे त्याला ती नक्की सांगावी. वेड लावण्यासाठी मात्र तिचा काही उपयोग नाही. तो विषय तूर्त बंद करा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवरून तुम्ही पुढे निघून गेलात, तिच्याकडे येते. नेरळला गाडीची तिकिटे मिळाली नाहीत तरी तुमचा मुलगा इंजिनापाशी रमला होता. त्या सकाळी तुमच्या घरातला सहलीचा आनंद मिळालेला माणूस बहुधा तो एकटाच, आणि बोलणी बसली ती त्यालाच. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, कल्याणला इंजिनांची शेड असलेल्या भागात वाढणाऱ्या कितीतरी मुलांना हा नाद असतो. इंजिनाचा क्रमांक, शेडचे नाव, भोंग्याचा आवाज हे सगळे ती जमवतात, वेगळे लावतात, एकमेकांना दाखवतात. तुम्ही पाकिटावरचे तिकीट कोमट पाण्यात सोडवून टिपकागदावर पालथे वाळवत होता, त्याच जातीचे हे काम आहे. फक्त ते मोबाईलवर होत असल्यामुळे तुम्हाला ओळखू आले नाही. त्याला सहज विचारून पाहा की ‘डब्ल्यूएपी-7’ या नावातल्या अक्षरांचा अर्थ काय. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, ए म्हणजे एसी विजेवर चालणारे, पी म्हणजे प्रवासी गाडीचे. हे मी तुम्हाला सांगितले आहे, पण त्याच्यासमोर तुम्हाला हे माहीत नाही असेच धरून चाला आणि त्याला पुरते बोलू द्या. नेरळच्या इंजिनाच्या नावाची सुरुवात ‘एन’ने का होते, हेही तोच सांगेल. तुमचा बाप म्हणून अधिकार एकाच ठिकाणी चालवा: फलाटावरची पिवळी रेषा ओलांडायची नाही आणि धावत्या गाडीजवळ मोबाईल धरलेला हात पुढे काढायचा नाही. यात तडजोड नको.

माथेरानबद्दलही थोडे बोलते. ती छोटी गाडी 1907 मध्ये सुरू झाली, दोन फुटी रुळांवरून सुमारे वीस किलोमीटरचा घाट चढते, तिच्या जागा मोजक्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीवर रांग लागते. तिकीट हुकण्याची शक्यता तुम्हाला घरातून निघतानाच माहीत असायला हवी होती. दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीने जाऊन पुढे लाल मातीतून चालत जाणे हीदेखील पूर्ण सहलच आहे, कारण त्या गावात खासगी मोटारींना मुळी प्रवेशच नाही. तुम्हाला ही गाडी स्वतःच्या लहानपणासाठी हवी होती असा माझा अंदाज आहे, आणि तसे असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त ‘मला त्या गाडीत पुन्हा एकदा बसायचे आहे’ असे सरळ म्हणा. ‘मी तुमच्यासाठी एवढे केले’ असे म्हटले की मुलांच्या डोक्यावर ऋण बसते, आणि ऋण फेडायला कोणी पहाटे साडेचारला हौसेने उठत नाही.

मुलीचे वाक्य झोंबले असेल, पण ती तुमच्याशी अजून मोकळेपणी बोलते हे त्यात ऐकू आले की नाही? पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल, क्लास सुरू होतील, आणि महिन्याच्या रविवारी ती येणारही नाही. येऊ नये. तिच्याबरोबर संध्याकाळी फडके रोडला दोन वह्या आणायला जा, वाटेत काही खा, अभ्यासाचा विषय तिने काढला तरच काढा. त्या अर्ध्या तासाला कोणी सहल म्हणत नाही, म्हणून त्यात तपासणीही शिरत नाही.

घरातल्या कटकटींचे म्हणाल, तर तुमचा राग खरा आहे, त्याचे वाटप चुकले आहे. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालू राहिला की एक युनिट वीज जाते; तेवढ्याच युनिटात नऊ वॅटचा एलईडी दिवा 111 तास, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक जळतो. तुम्ही दोन्हींवर सारख्याच आवाजात बोलत असाल, तर मुलांच्या कानांना दोन्ही सारखेच. गिझर आणि ओला टॉवेल या दोन गोष्टी धरून ठेवा: एकात पैसा जातो, दुसऱ्यात डोंबिवलीच्या पावसाळ्यात गादीला वास येतो. बाटल्या आणि चपला सोडून द्या. चपला निदान घरी सगळे आहेत एवढे तरी सांगतात. दिव्यांबद्दल तर सहा महिने एक अक्षर बोलू नका. जाता-येता बटण स्वतः बंद करा.

राहिला अल्बम. माळ्यावर तो मुळीच टाकू नये, आणि हे मी भावनेने सांगत नाही. दमटपणाने तिकिटांचा डिंक सुटतो, पाने एकमेकांना चिकटतात, कागदावर पिवळे डाग पडतात. अल्बम आडवा न रचता पुस्तकासारखा उभा ठेवावा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, तिकीट चिमट्यानेच उचलावे, आणि लहानपणी सेलोटेपने चिकटवलेली तिकिटे असतील तर ती ओढून काढण्याच्या भानगडीत पडू नये. मग एखाद्या कामाच्या दिवशी रजा टाकून एकट्याने मुंबईच्या जीपीओत जा. विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर घुमट असलेली ती 1913 ची इमारत तशीही पाहण्यासारखी आहे, आणि तिथल्या तिकीटसंग्राहकांच्या विभागात 200 रुपये भरून ठेव खाते उघडता येते, म्हणजे नवी तिकिटे टपालाने घरी येऊ लागतात. पाकीट आले की टेबलावर बसून स्वतःसाठी उघडा. मुलगा डोकावला तर डोकावू द्या, आणि त्याने काही विचारलेच तर नकाशा त्याच्याकडे सरकवा.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवले असे तुम्ही म्हणता. त्या दिवशी डबा कोणी आणि किती वाजता उठून केला, याचा पत्रात उल्लेख नाही. पुढच्या सहलीचा डबा तुम्ही करा, साधी पोळी-भाजी चालेल. अल्बमसाठी कपाटातली एक फळी पत्नीकडे जरूर मागा, पण सहलीहून घरी परतल्यावर, डबे घासून झाल्यानंतर मागा.