ट्रॅकखालचा काळा पट्टा: ठपका ठेवण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बराच काळ चाललेल्या बॉल बेअरिंगची आतली रिंग कापली, पॉलिश करून नायटल (पोलादाची रचना उठून दिसावी म्हणून लावतात ते अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) लावलं, तर ट्रॅकखाली, म्हणजे बॉल धावतो त्या खाचेखाली, काळपट पट्टा दिसला. हीट ट्रीटमेंटवाल्यानं टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा बेतानं तापवणं) बिघडवलं का?

तुम्ही सांगता त्यावरून तसं वाटत नाही. टेम्परिंग बिघडलं असतं तर अख्खी रिंग नरम लागली असती. तुमचा पट्टा फक्त ट्रॅकखाली आहे, खांदे (ट्रॅकच्या दोन्ही बाजूंच्या कडा) स्वच्छ आहेत. ग्राइंडिंग बर्नही (घासताना तापून झालेली जळ) नव्हे, कारण बर्न पृष्ठभागापासूनच सुरू होतो. तुमच्याकडे वरचा थर नीट आहे आणि काळेपणा खाली, चंद्रकोरीसारखा. बॉलच्या दाबाखाली शिअर स्ट्रेस (थर एकमेकांवर सरकवणारा ताण) सगळ्यात जास्त असतो तो पृष्ठभागावर नाही, थोडा आत. पट्टा नेमका तिथेच आलाय.

आत काय होतं ते समजून घ्या. ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादामध्ये सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. हार्डनिंगनंतर १६०-१८० अंशांना टेम्पर केलं, तरी मार्टेन्साइटमध्ये (हार्डनिंगनं तयार होणाऱ्या कठीण रचनेत) बराच कार्बन अडकून राहतो. बॉल वरून गेला की स्फटिकातले डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधले दोष) किंचित सरकतात आणि कार्बनलाही हलवतात. कोट्यवधी फेऱ्यांत तो जागोजागी गोळा होतो, बाकीच्या ठिकाणी फेराइट, म्हणजे जवळपास कार्बन नसलेलं नरम लोखंड, उरतं. तिथे नायटल जास्त चावतं, म्हणून काळं दिसतं. तेल ७०-८० अंशांवर असेल तर नुसत्या उष्णतेनं हे होणार नाही. काम भाराचं आहे.

बेअरिंग आणखी चाललं की या काळ्या भागात पांढरे पट्टे उमटतात: आधी ट्रॅकशी सुमारे ३० अंशांत, नंतर ८० अंशांच्या आसपास. इथे बरेच जण फसतात. रिंग आडवी, म्हणजे अक्षाच्या दिशेनं कापली तर हा कल दिसतच नाही, पृष्ठभागाला समांतर रेघा तेवढ्या दिसतात. बॉल धावतो त्या दिशेनं, परिघाला धरून, ट्रॅकच्या मधोमध काप घ्या. पट्टे कुठे झुकलेत त्यावरून रिंग कुठल्या दिशेनं चालली तेही कळतं.

हे पट्टे आणि पांढऱ्या कडांच्या भेगा यांची मात्र गल्लत करू नका. पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंग अपेक्षित आयुष्याच्या खूप आधी जातात, त्यात या भेगा सापडतात: वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या. त्यांच्या कडेचा पांढरा भाग मूळ पोलादापेक्षा कठीण असतो, तर आधी सांगितलेले पांढरे पट्टे नरम. मायक्रो हार्डनेसचे (बारीक टोक दाबून कठीणपणा मोजण्याचे) चार-पाच ठसे घेतले की फरक कळतो. हायड्रोजन, भरकटलेला करंट, घसरण, तेलातली रसायनं अशी कारणं मांडली जातात. संशोधकांचं अजून एकमत नाही.

तेव्हा हीट ट्रीटमेंटवाल्याला पत्र धाडण्याआधी खांद्यावर आणि काळ्या पट्ट्यात हार्डनेस मोजा. खांदा ६० एचआरसीच्या (रॉकवेल सी, कठीणपणाचं माप) वर असेल आणि पट्टा त्यापेक्षा नरम, तर टेम्परिंगचा दोष नाही. मग भार, वेग, किती तास चाललं आणि परिघाच्या दिशेच्या कापाचा फोटो इथे टाका. पट्ट्याची खोली भाराशी जुळते का, ते बघू.