स्टीफन करीच्या वॉरियर्सना प्लेऑफमध्ये सर्वांत जड गेलेला संघ कोणता?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील स्टीफन करीच्या कारकिर्दीत त्याच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतर चार सामने आधी जिंकण्याच्या मालिकांनी होणाऱ्या बाद फेऱ्यांत, कोणते प्रतिस्पर्धी सर्वांत जड गेले आणि त्याची कारणे काय, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर २०१८ चा ह्यूस्टन रॉकेट्स हे आहे. ती मालिका वॉरियर्सनी जिंकली होती, आणि २०१६ मध्ये क्लीव्हलँडने व २०१९ मध्ये टोरांटोने त्यांना अंतिम फेरीत हरवले होते, हे लक्षात घेऊनही मी ह्यूस्टनलाच पहिले स्थान देतो. मालिकेच्या निकालात दुखापती, निलंबने आणि एखाद्या रात्रीची नेमबाजी यांचा मोठा वाटा असतो. परंतु एखादा प्रतिस्पर्धी खरोखर किती अवघड आहे हे त्याने आपल्याला आपला नेहमीचा खेळ खेळू दिला की नाही, यावरून ठरते, आणि या कसोटीवर ह्यूस्टनच्या जवळपास फारसे कोणी पोहोचत नाही.

हे पटवून देण्यासाठी आधी वॉरियर्सचा खेळ नेमका कशावर उभा आहे हे सांगावे लागेल. २०१४ मध्ये स्टीव्ह कर प्रशिक्षक झाल्यापासून या संघाचे आक्रमण चेंडू हातात नसलेल्या खेळाडूंच्या धावण्यावर चालत आले आहे. करी पास देऊन थांबत नाही. तो लगेच दुसऱ्या बाजूला पळत सुटतो, वाटेत त्याचा सहकारी ड्रेमंड ग्रीन किंवा आणखी कोणी त्याच्या पाठलागावर असलेल्या बचावपटूला स्क्रीन लावून, म्हणजे वाटेत भिंतीसारखे उभे राहून, अडवतो, आणि त्या क्षणी दोन बचावपटूंना एकमेकांशी न बोलता ठरवावे लागते की करीच्या मागे कोणी जायचे. ते दोघेही अर्धा सेकंद घुटमळले की करी मोकळा होतो, किंवा दोघेही त्याच्याकडे धावले की ग्रीन तिघांविरुद्ध चौघे अशा स्थितीत चेंडू घेऊन बास्केटकडे निघतो. वॉरियर्सचे बहुतेक गुण या घुटमळण्यातून येतात. यावरचा सरळ उपाय म्हणजे स्विच, अर्थात स्क्रीन लागताच बचावपटूंनी आपापला माणूस बदलून घेणे, म्हणजे घुटमळण्याचा प्रश्नच उरत नाही. पण हा उपाय बोलायला सोपा आणि अमलात आणायला कठीण आहे, कारण त्यासाठी मैदानावरील पाचही खेळाडू करीपुढे टिकण्याइतके चपळ आणि २०१६ मध्ये संघात आलेल्या केव्हिन ड्युरांटपुढे उभे राहण्याइतके दणकट असावे लागतात. एकही कच्चा खेळाडू त्यात असला, की तो हेरला जातो. कबड्डीत चढाईपटू कच्चा कोपरारक्षक हेरून त्याच बाजूला पुनःपुन्हा जातो, तसेच इथे होते.

२०१५ मध्ये मेम्फिस ग्रिझलीजने वॉरियर्सना १-२ असे मागे टाकले होते, तेव्हा त्यांनी स्विचचा मार्ग धरला नव्हता. मार्क गसोल आणि झॅक रँडॉल्फ यांच्या ताकदीवर त्यांनी खेळाचा वेग मंदावला होता आणि टोनी ॲलनने वॉरियर्सच्या नेमबाजांना हैराण केले होते. त्यावर कर यांनी चौथ्या सामन्यात आपला सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगट याला टोनी ॲलनवर नेमले, म्हणजे प्रत्यक्षात ॲलनला दुरून शॉट घ्यायला मोकळे सोडले, आणि बोगट बास्केटखालीच उभा राहिला. ॲलनची दुरून नेमबाजी कच्ची असल्यामुळे मेम्फिसचे आक्रमण कोलमडले आणि मालिका ४-२ अशी संपली. एका बदलाने उत्तर सापडते अशा संघाला मी अवघड म्हणेन, पण सर्वांत अवघड म्हणणार नाही.

२०१६ चा ओक्लाहोमा सिटी थंडर मात्र वेगळ्या जातीचा होता. त्या वर्षी वॉरियर्सनी नियमित हंगामात ७३ सामने जिंकून विक्रम केला होता, आणि तरीही थंडरने त्यांच्यावर ३-१ अशी आघाडी घेतली. ओक्लाहोमातील दोन सामने तर त्यांनी अनुक्रमे २८ आणि २४ गुणांच्या फरकाने जिंकले. ड्युरांट, सर्ज इबाका, आंद्रे रॉबरसन आणि रसेल वेस्टब्रुक यांचे हात इतके लांब आणि पाय इतके चपळ होते की वॉरियर्सच्या ज्या छोट्या चणीच्या पंचकाने वर्षभर सर्वांची दाणादाण उडवली होती, तेच पंचक त्यांच्यासमोर तोकडे पडले. नेहमी मोकळ्या सापडणाऱ्या सहकाऱ्याकडे जाणारा पास आता कोणाच्या तरी बोटांना लागत होता. सहाव्या सामन्यात वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने तीन गुणांचे ११ शॉट यशस्वी करून ४१ गुण मिळवले नसते, तर ती मालिका तिथेच संपली असती. थंडर इतका अवघड होता की त्यावरचे कायमचे उत्तर वॉरियर्सना मैदानावर नव्हे तर उन्हाळ्यात सापडले, कारण जुलै २०१६ मध्ये ड्युरांट स्वतःच त्यांच्याकडे आला.

क्लीव्हलँडबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेकांचे उत्तर तेच असते. १-३ असे मागे पडूनही लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्व्हिंग यांच्या संघाने २०१६ चे विजेतेपद खेचून आणले, आणि त्यांनी शोधलेला मार्ग अचूक होता: वॉरियर्सच्या आक्रमणाशी झुंजण्यापेक्षा करीला बचावात दमवायचे. करी ज्याच्यावर असेल त्या खेळाडूला स्क्रीन लावायला बोलवायचे आणि स्विच घडवून लेब्रॉन किंवा अर्व्हिंगसमोर करीला एकटे उभे करायचे. सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना ५३ सेकंद उरले होते, तेव्हा जे. आर. स्मिथच्या स्क्रीनमुळे थॉम्पसन बाजूला झाला, अर्व्हिंगसमोर करी आला, आणि अर्व्हिंगने त्याच्या डोक्यावरून तीन गुणांचा निर्णायक शॉट मारला. वॉरियर्सना त्या सामन्याच्या शेवटच्या साडेचार मिनिटांत एकही गुण मिळाला नाही. हे सर्व खरे असले, तरी पाचव्या सामन्यात ग्रीन निलंबित होता आणि त्याच सामन्यात बोगटचा गुडघा दुखावून तो पुढे खेळू शकला नाही, हेही खरे आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की ड्युरांट आल्यानंतर क्लीव्हलँडचे कोडे सुटले: २०१७ मध्ये ४-१ आणि २०१८ मध्ये ४-०.

आता ह्यूस्टनकडे येतो. २०१७ च्या प्लेऑफमध्ये वॉरियर्स १६ सामने जिंकून केवळ एक हरले होते, आणि अनेक संघांनी त्या काळात त्यांच्याशी टक्कर घेण्याचा विचारच सोडून दिला होता. रॉकेट्सचे सरव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी उलट भूमिका घेतली आणि वॉरियर्सना कसे हरवायचे हाच आपला ध्यास असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. त्याच उन्हाळ्यात त्यांनी क्रिस पॉलला आणले, शिवाय पी. जे. टकर आणि ल्यूक म्बा अ मूटे यांनाही घेतले. शेवटची दोन नावे वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत झळकणारी नव्हती, पण माझ्या मते संपूर्ण योजना त्यांच्यावर बेतलेली होती. टकरची उंची सेंटरच्या मानाने कमी, पण त्याला जागेवरून हलवणे कोणालाही जमत नसे. ट्रेव्हर अरिझा लांब हातांचा होता. सेंटर क्लिंट कपेला उंच असूनही बाहेर येऊन करीसमोर टिकाव धरू शकत होता. सहायक प्रशिक्षक जेफ बझडेलिक यांनी या खेळाडूंना सर्व स्क्रीनवर, चेंडूपासून दूर असलेल्या स्क्रीनवरसुद्धा, स्विच करायला शिकवले. नियमित हंगामात रॉकेट्सनी ६५ सामने जिंकले आणि पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत घरच्या मैदानाचा फायदाही मिळवला.

त्या मालिकेत वॉरियर्सचे आक्रमण कसे दिसत होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. करी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे धावतो, ग्रीन स्क्रीन लावतो, आणि अरिझा क्षणाचाही विलंब न लावता ग्रीनला धरून करीला कपेलाच्या हवाली करतो. करीला चेंडू मिळतो, पण समोर मोकळी जागा नसते. तो चेंडू परत देतो, पुन्हा धावतो, पुन्हा तेच होते, आणि शॉट घेण्यासाठी मिळणाऱ्या २४ सेकंदांपैकी दहाच उरलेले असतात. मग चेंडू ड्युरांटकडे जातो, बाकीचे चौघे उभे राहतात, आणि ड्युरांट टकरच्या अंगावरून एकट्याने शॉट मारतो. ड्युरांट इतका श्रेष्ठ खेळाडू आहे की असे शॉटही अनेकदा आत जातात, आणि नेमका तोच या सापळ्याचा गाभा होता: वॉरियर्सना दर वेळी पुरेसा बरा पर्याय उपलब्ध राहत असे, त्यामुळे ते आपला खेळ सोडून ह्यूस्टनचा खेळ खेळू लागले. नियमित हंगामात सरासरी ११३ च्या आसपास गुण करणाऱ्या या संघाने चौथ्या सामन्यात ९२ आणि पाचव्या सामन्यात ९४ गुण केले, आणि दोन्ही सामने गमावले. दुसऱ्या टोकाला रॉकेट्सचा जेम्स हार्डन, क्लीव्हलँडचाच धडा गिरवत, करीला स्विचमध्ये ओढून त्याच्यावर हल्ला करत होता.

पाचव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात क्रिस पॉलच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि तो उरलेले दोन्ही सामने खेळू शकला नाही. सहाव्या सामन्यात पहिल्या क्वार्टरअखेर ह्यूस्टन ३९-२२ असा पुढे होता, तरी वॉरियर्सनी तो ११५-८६ असा जिंकला; सातव्या सामन्यात मध्यंतराला ह्यूस्टनकडे ११ गुणांची आघाडी होती, आणि मग त्यांचे तीन गुणांचे सलग २७ शॉट चुकले. हा आकडा लोक रॉकेट्सच्या हट्टाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात दमलेला संघ दिसतो, कारण पॉलच्या अनुपस्थितीत चेंडू हाताळण्याचे आणि वाट काढण्याचे जवळजवळ सर्व ओझे हार्डनवर आले होते. वॉरियर्सच्या बाजूने आंद्रे इग्वोडालाही चौथ्या सामन्यापासून दुखापतीमुळे बाहेर होता, आणि तो असता तर ह्यूस्टनला ३-२ ची आघाडी मिळाली असती की नाही, हा वाजवी आक्षेप आहे. तरीही करी, थॉम्पसन, ग्रीन आणि ड्युरांट हे चौघेही खेळत असताना मालिकेत वॉरियर्सच्या पुढे जाणारा संघ हा एकटाच झाला.

टोरांटोला मी तिसऱ्या-चौथ्या स्थानावर ठेवतो, याचा त्यांच्या चाहत्यांना राग येईल. त्यांचे प्रशिक्षक निक नर्स यांचा बचाव कल्पक होता. दुसऱ्या सामन्यात चौघांनी चौकोनात उभे राहायचे आणि फ्रेड व्हॅनव्हलीटने एकट्याने करीला चिकटायचे, अशी शालेय स्पर्धांत दिसणारी रचना त्यांनी अंतिम फेरीत वापरली आणि ती लागूही पडली. परंतु ड्युरांट त्या मालिकेत जेमतेम १२ मिनिटे खेळून जायबंदी झाला आणि सहाव्या सामन्यात थॉम्पसनचा गुडघा गेला. तिसऱ्या सामन्यात हे दोघेही नसताना करीने ४७ गुण केले आणि संघ हरला, यावरून त्या मालिकेची अवस्था कळते. २०२२ चा बॉस्टन बचावात अत्यंत भक्कम होता, मात्र त्यांचे उंच खेळाडू बास्केटजवळ मागे थांबत असल्यामुळे करीला स्क्रीनमागून शॉट घ्यायला जागा मिळत राहिली, आणि चौथ्या सामन्यात बॉस्टनच्या मैदानावर त्याने ४३ गुण करून मालिकेचे पारडे फिरवले.

२०२३ च्या पहिल्या फेरीतील सॅक्रॅमेंटो किंग्सचा उल्लेख मराठी वाचकांसाठी आवर्जून करतो. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि किंग्स विकत घेण्यापूर्वी ते वॉरियर्सच्याच मालकांपैकी एक होते. प्रशिक्षक माइक ब्राउन यांनीही आधी कर यांच्या हाताखाली काम केले होते, त्यामुळे वॉरियर्सच्या चाली त्यांना तोंडपाठ होत्या. किंग्सनी पहिले दोन सामने जिंकले आणि मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली, जिथे करीने ५० गुण केले. पण हा संघ वेगाने अवघड होता, बचावाने नव्हे, आणि वेगाच्या खेळात करीला हरवणे फार थोड्यांना जमले आहे.

२०२५ मध्ये ह्यूस्टनशी पुन्हा गाठ पडली आणि ३-१ अशा आघाडीनंतर वॉरियर्सना सातव्या सामन्यापर्यंत जावे लागले. ह्यूस्टनचे प्रशिक्षक होते २०२२ मध्ये बॉस्टनला अंतिम फेरीत नेणारे इमे उडोका. अमेन थॉम्पसन करीच्या मागे सावलीसारखा फिरत होता, आणि अल्परेन शेनगुन व २०१६ च्या थंडरमध्ये असलेला स्टीव्हन ॲडम्स या दोन धिप्पाड खेळाडूंना एकत्र उतरवून ह्यूस्टनने झोन बचावाची, म्हणजे प्रत्येकाने एका माणसाऐवजी मैदानाचा आपला भाग राखण्याची, रचना केली होती. शेवटच्या सामन्यात वॉरियर्सच्या बडी हील्डने तीन गुणांचे ९ शॉट मारल्यामुळे वॉरियर्स सुटले.

आपल्याला यांपैकी एकच सामना पाहण्याइतका वेळ असेल, तर २०१८ च्या मालिकेतील चौथा सामना पाहावा. वॉरियर्सनी घरच्या मैदानावर १२-० अशी सुरुवात केली होती, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांना १२ गुणच मिळाले. त्या बारा मिनिटांत चेंडूकडे न पाहता टकर आणि अरिझा कोणाला सोडतात व कोणाला धरतात, एवढ्यावरच नजर ठेवावी.