हॅश जुळला नाही तर घाबरायचं कधी?

या वेळी आलेल्या पत्रांत हॅशबद्दलचेच (म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या तिच्या ठशाबद्दलचेच) प्रश्न जास्त होते, त्यामुळे प्रिंटर आणि वायफायवाल्यांनी कृपया पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न : मी कोल्हापूरला वकिली करते. अशिलाने सोसायटीच्या सीसीटीव्हीची क्लिप मला व्हॉट्सअॅपवर पाठवली. मी तिचा हॅश काढला, त्याने त्याच्या लॅपटॉपवरच्या मूळ क्लिपचा काढला, आणि दोन्ही पार वेगळे! व्हिडिओ तर तोच दिसतोय. समोरचे वकील फेरफार झाला म्हणून उभे राहतील का? आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या सर्टिफिकेटवर हॅश काढायच्या पद्धतींचे एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ असे पर्याय आहेत, त्यातला कुठला निवडू?

उत्तर : फेरफार नाही मॅडम, व्हॉट्सअॅपची करामत आहे ती. व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते जागा वाचवायला क्लिप पुन्हा कॉम्प्रेस करतं, म्हणजे तुमच्याकडे आली ती दिसायला तीच पण आतून नवीन फाइल. आणि हॅश फंक्शनला व्हिडिओत काय दिसतंय याच्याशी काही घेणंदेणं नसतं, ते फक्त फाइलमधले बाइट ओळीने वाचतं आणि शेवटी ठरावीक लांबीचा आकडा देतं, फाइल दोन केबीची असो नाहीतर दोन जीबीची, शा-२५६ चा हॅश ६४ अक्षरांचाच येणार (एसएचएला सगळे शा म्हणतात, मीही तेच म्हणतो). एक बिट इकडचा तिकडे झाला तरी हॅशचे साधारण निम्मे बिट पलटतात, त्यामुळे 'थोडासाच वेगळा हॅश' असा प्रकारच नाही. हॅश वेगळा आला याचा अर्थ फाइल वेगळी आहे, बस्स. कोणी बदलली, कशासाठी बदलली, मुद्दाम की नकळत, यातलं काहीही हॅश सांगत नाही, आणि कोर्टात नेमकी इथेच गल्लत होते.

तर अशिलाला सांगा, क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर सरळ पेनड्राइव्हवर दे. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, कारण नाव फाइलच्या मजकुरात नसतं. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नीट कॉपी केली तरी बदलत नाही. पण मोबाइलवर सुरुवातीचे दोन सेकंद ट्रिम केले की गेलं. डीव्हीआरवरून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीवरून) तीच क्लिप दुसऱ्यांदा एक्स्पोर्ट केली तरीसुद्धा वेगळा हॅश येऊ शकतो, म्हणून एकदाच एक्स्पोर्ट करायची, तिथल्या तिथे हॅश काढायचा, तारीख-वेळ आणि कोण हजर होतं ते लिहून ठेवायचं, आणि ती मूळ कॉपी बाजूला ठेवून पुढे सगळं काम दुसऱ्या कॉपीवर करायचं. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश नावाची कमांड असते आणि ती काही न सांगताही शा-२५६ च काढते.

आता सर्टिफिकेट. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब मध्ये हॅशचा उल्लेखही नव्हता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ खालच्या सर्टिफिकेटमध्ये हॅश लिहायचा रकाना आला, भाग अ पक्षकाराने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने, सोबत हॅशचा रिपोर्ट जोडायचा. चांगली गोष्ट आहे. फक्त पर्यायांमध्ये एमडी-५ आणि शा-१ अजून का ठेवलेत ते मला काही पटलेलं नाही. तुम्ही डोळे झाकून शा-२५६ निवडा.

कारण असं की एमडी-५ हे रॉन रिव्हेस्टनी १९९१ साली बनवलं आणि २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कोलिजन जाहीर केलं, म्हणजे दोन वेगवेगळे इनपुट, हॅश एकच. आज हे साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं. शा-१ जरा जास्त टिकलं, पण फेब्रुवारी २०१७ मध्ये अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी मिळून वेगवेगळ्या रंगाच्या दोन पीडीएफ जगासमोर ठेवल्या ज्यांचा शा-१ हॅश तंतोतंत एक होता. तेव्हा त्याला ११० वर्षं जीपीयू (ग्राफिक्स कार्डातली चिप) चालवण्याइतकी गणितं लागली होती, अर्थात शेकडो जीपीयू एकदम लावले की ती वर्षं फार राहत नाहीत.

पण म्हणून समोरच्याने जुन्या केसमधला एमडी-५ दाखवून 'हा तर मोडलाय, पुरावा बाद' म्हटलं तर लगेच माघार घेऊ नका. कोलिजनमध्ये दोन्ही फाइल बनवणारा एकच माणूस असतो, दोन्ही त्याच्या हातात असतात. दुसऱ्याने आधीच बनवलेली फाइल घेऊन, तिच्या हॅशला जुळणारी वेगळी फाइल तयार करणं हे प्रत्यक्षात एमडी-५ साठीसुद्धा अजून कोणाला जमलेलं नाही. म्हणजे प्रश्न असा विचारायचा की मूळ फाइल कोणी बनवली आणि त्याला आधीपासून दोन जुळ्या फाइल तयार ठेवायची संधी होती का. सोसायटीचा डीव्हीआर असले उद्योग करत नाही.

प्रश्न : एका परीक्षेच्या साइटवर फरगॉट पासवर्ड केलं तर त्यांनी माझा जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवला. कॉलेजमध्ये तर शिकवलं की पासवर्डचा हॅश ठेवतात आणि हॅश उलटा फिरत नाही. मग कसा पाठवला? — विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुला शिकवलं ते बरोबर आहे, त्या साइटने ते केलेलं नाही. त्यांच्याकडे पासवर्ड एकतर उघडा पडलाय किंवा परत उलगडता येईल असा ठेवलाय, आणि तोच पासवर्ड तू ईमेलला किंवा बँकेला वापरत असशील तर हे वाचायचं थांबव आणि आधी तिकडचा बदल.

बरं, नुसता हॅश ठेवला म्हणजे सुटलो असंही नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख हॅश बाहेर आले, साधे शा-१ आणि सॉल्ट नाही, आणि २०१६ मध्ये कळलं की चोरीला गेलेल्यांचा खरा आकडा ११ कोटींच्या वर होता. सॉल्ट म्हणजे प्रत्येकाच्या पासवर्डला हॅश करण्याआधी जोडलेला वेगळा रँडम तुकडा. तो नसेल तर एकच पासवर्ड ठेवणाऱ्या सगळ्यांचा हॅश एकच येतो, आणि चोराला एकदा यादी बनवून ती सगळ्यांवर चालवता येते. हॅश टाका पासवर्ड मिळवा वाल्या साइट असतात ना, त्या काही उलटं फिरवत नाहीत, त्यांच्याकडे आधीच काढून ठेवलेल्या अशा याद्या असतात.

दुसरं म्हणजे शा-२५६ हे वेगवान असावं म्हणूनच बनवलंय आणि पासवर्डसाठी नेमकं उलट पाहिजे, मुद्दाम संथ. त्यासाठी १९९९ पासून बीक्रिप्ट आहे, आणि २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकलेलं आर्गॉन-२ आहे, ते वेळेबरोबर मेमरीही खातं त्यामुळे जीपीयूवाल्यांची पंचाईत होते. प्रोजेक्टला यातलंच वापर, स्वतःचं काही शोधून काढू नकोस.

प्रश्न : पुण्यात छोट्या कंपनीत डेटाचं काम करतो. ग्राहकांचे मोबाइल नंबर बाहेरच्या अॅनालिटिक्सवाल्यांना द्यायचेत, सर म्हणतात शा-२५६ मारून दे, हॅश उलटत नाही म्हणजे डेटा अनामिक झाला. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आणि हे सरांना लेखी कळवा, तोंडी नको.

हॅश उलटत नाही हे खरं, पण उलटवायची गरज कुठे आहे? आपल्याकडचा मोबाइल नंबर १० आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे सगळे शक्य नंबर धरले तरी ४०० कोटी. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी शा-२५६ काढतं, म्हणजे तुमचा चहा संपायच्या आत भारतातल्या प्रत्येक शक्य नंबरचा हॅश तयार, आता नुसतं जुळवायचं. शा-५१२ घेतलं, शा-३ घेतलं तरी काही फरक पडत नाही, दोष फंक्शनचा नाहीच, इनपुटच मोजके आहेत.

न्यूयॉर्कच्या टॅक्सी खात्याने हेच केलं होतं. २०१३ मधल्या १७ कोटींहून जास्त टॅक्सी फेऱ्यांचा डेटा माहितीच्या अधिकाराखाली दिला, त्यात टॅक्सीचे परवाना नंबर एमडी-५ ने 'लपवलेले'. नंबरांचा साचा सगळ्यांना माहीत, शक्य नंबर सव्वादोन कोटींच्या आसपास, एका इंजिनियरने दोनेक तासांत सगळे उलगडले. मग कोणत्या टॅक्सीने कोणाला कुठे सोडलं ते बघत बसले लोक!

करायचंच असेल तर एचमॅक वापरा, म्हणजे हॅशमध्ये एक गुप्त किल्ली मिसळायची जी फक्त तुमच्याकडे राहील आणि त्या अॅनालिटिक्सवाल्यांना कधीही मिळणार नाही. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक ग्राहकाला रँडम आयडी द्या आणि जुळवणीचं टेबल स्वतःजवळ ठेवा. आणि अजून बरं म्हणजे त्यांना नंबर खरंच लागतोय का ते आधी विचारा, दहातल्या आठ वेळा लागत नसतो.

प्रश्न : फाइल अनंत आणि हॅश ठरावीक, म्हणजे दोन फाइलचा शा-२५६ सारखा असणारच ना? मग विश्वास का ठेवायचा? — निवृत्त गणित शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : असणारच सर, आहेतच. मुद्दा सापडण्याचा आहे. वर्गात २३ मुलं असली की दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते हे तुम्ही शिकवलं असेलच, तेच गणित इथे लागतं, त्यामुळे २५६ बिटांच्या हॅशमध्ये जोडी सापडायला २ चा २५६ वा नाही, २ चा १२८ वा घात इतकेच हॅश काढावे लागतात. 'इतकेच' म्हणजे साधारण ३४ वर ३७ शून्यं. बिटकॉइनचं जगभरचं सगळं नेटवर्क मिळून सेकंदाला १ वर २१ शून्यं इतके हॅश काढण्याच्या घरात पोचलंय. त्या वेगाने हिशेब केला तर हजार कोटी वर्षं लागतात, विश्वाचं वय आत्ता तेराशे-चौदाशे कोटी आहे. एमडी-५ मध्ये मात्र हॅशच १२८ बिटांचा, म्हणजे मुळात २ चा ६४ वा घात, आणि वांगबाईंनी तेवढेही लागू दिले नाहीत कारण त्यांनी आतल्या रचनेतली खोट पकडली. शा-२५६ मध्ये अशी कामाची खोट आजवर सापडलेली नाही. सापडणार नाही असं सिद्ध करणारं प्रमेय मात्र कोणाकडेच नाही, ते तुम्ही लिहिलंत तर आधी आम्हाला पाठवा.